गोळी लिहून दिली, पुढे काय?

फ्रान्समध्ये स्तनाच्या कर्करोगाचे उपचार घेतलेल्या, पाळी अजून न गेलेल्या १,१७७ स्त्रियांच्या रक्तात टॅमॉक्सिफेन, म्हणजे रोग परतू नये म्हणून रोज घ्यायची, हॉर्मोनचा परिणाम रोखणारी गोळी, किती आहे हे मोजून पाहिलं गेलं. ही गोळी सुरू होऊन साधारण वर्ष झालेलं होतं. विचारल्यावर १२.३ टक्के जणींनी कबूल केलं की आपण ती नीट घेत नाही. रक्ताने मात्र वेगळंच सांगितलं: १६ टक्के जणींमध्ये औषधाचं प्रमाण हवं त्यापेक्षा बरंच कमी होतं. म्हणजे काही जणींनी गोळी सोडली होती आणि सोडल्याचं लपवलंही होतं. हे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले, आणि त्यातला पुढचा आकडा झोप उडवणारा आहे. तीन वर्षांनी रोग दुसरीकडे न पसरता जगत असलेल्यांचं प्रमाण गोळी घेणाऱ्यांत ९५.४ टक्के, तर न घेणाऱ्यांत ८९.५ टक्के होतं.

त्याआधी, २०१० साली, अमेरिकेतल्या आठ हजारांहून जास्त स्त्रियांच्या नोंदींवरून असंच चित्र पुढे आलं होतं. हॉर्मोन रोखणाऱ्या अशा गोळ्यांचा पूर्ण कोर्स ठरल्याप्रमाणे पार पाडणाऱ्या जेमतेम निम्म्या निघाल्या होत्या, आणि मध्येच सोडणाऱ्यांत चाळिशीच्या आतल्या आघाडीवर होत्या.

केमो सोसलेली, ऑपरेशन करून घेतलेली बाई दिवसाची एक गोळी का सोडते? निष्काळजीपणा हे सोपं उत्तर आहे आणि बहुतेक वेळा ते खोटं आहे. अंगातून एकाएकी उसळणारी गरम वाफ, रात्री घामाने भिजल्यामुळे बदलावे लागणारे कपडे, झोपेचं खोबरं, योनीचा कोरडेपणा, त्यामुळे जोडीदाराच्या जवळ जायची धास्ती, आणि या सगळ्याच्या तळाशी ‘मूल होईल का, कधी होईल’ हा कुरतडणारा प्रश्न. तिशी-पस्तिशीतल्या बाईने हे पाच ते दहा वर्षं निमूट सोसावं असं आपण गृहीत धरलेलं असतं. तपासणीला गेल्यावर डॉक्टर संगणकाकडे बघत विचारतात, “गोळ्या चालू आहेत ना?” ती “हो” म्हणते. बाहेर आणखी पंधरा जणी बसलेल्या असतात. तपासणी संपते.

या ‘हो’च्या मागे काय आहे ते कुणी विचारायचं, हा मला सार्वजनिक प्रश्न वाटतो. तरुण वयात स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांसाठी आधाराचे आणि शिक्षणाचे जे कार्यक्रम चालतात, ते आज बहुतेक ठिकाणी उपचार संपल्यानंतरचं समाजकार्य म्हणून चालतात. देणगी मिळाली तर होतात, एखादी धडपडी स्वयंसेविका असली तर तगतात, ती थकली की बंद पडतात. माझं म्हणणं असं की हे कार्यक्रम उपचारातच मोडतात. ते निदानाच्या आठवड्यात सुरू व्हायला हवेत, त्यांच्यासाठी पगारी माणूस हवा आणि त्यांचा खर्च औषधांच्या शेजारी, त्याच हिशेबात मांडला जायला हवा.

तरुणींसाठी वेगळं कशाला, कर्करोग तो कर्करोग, असं पुष्कळ लोक म्हणतात. आधारगटाच्या नेहमीच्या बैठकीत एकदा बसून पाहावं. खोलीतल्या बहुतेक जणी साठीच्या पुढच्या असतात. प्रेमळ असतात, नव्या मुलीला जवळ बसवून घेतात. पण बोलणी नातवंडांची, गुडघ्यांची, निवृत्तीनंतरच्या दिवसांची. बत्तीस वर्षांच्या मुलीला विचारायचं असतं की नव्याने ओळख झालेल्या माणसाला हे कितव्या भेटीत सांगायचं, नोकरीच्या मुलाखतीत मधल्या दीड वर्षाच्या खंडाचं काय सांगायचं, चार वर्षांच्या पोराला आईचे केस कुठे गेले हे कसं समजावायचं. ती ऐकून घेते, हसते आणि पुढच्या वेळी येत नाही. हजेरीपुस्तकात ‘एकदा आली’ अशी नोंद राहते.

वयाचा फरक नुसता गप्पांच्या विषयांपुरता नाही. तरुणींमध्ये ट्रिपल निगेटिव्हसारखे (ज्यांवर हॉर्मोन रोखणाऱ्या गोळ्या चालत नाहीत असे) आक्रमक प्रकार तुलनेने जास्त आढळतात आणि कर्करोगाचा धोका वाढवणारे बीआरसीए जनुकांतले वंशागत बदलही. त्यामुळे उपचार जड असतात आणि निदानाबरोबर बहिणीचा, मुलीचा प्रश्नही घरात येतो. मॅमोग्राफीच्या नियमित तपासण्या चाळिशी-पन्नाशीपासून सुरू होतात. त्याआधीच्या वयात गाठ बहुधा बाईच्याच हाताला लागते, आणि “या वयात असलं काही नसतं” म्हणून कधीकधी तिला परतही पाठवलं जातं. उपचारांनी अंडाशयाचं काम थांबलं की एरवी वर्षानुवर्षं हळूहळू येणारी रजोनिवृत्ती काही आठवड्यांत येऊन आदळते. हाडं वीस वर्षं आधी ठिसूळ व्हायला लागतात. आणि ज्या गाठी हॉर्मोनवर वाढतात, त्यांचा रोग पाच वर्षांच्या गोळ्यांनंतरही पुढे पंधरा वर्षं परतू शकतो. सत्तरीतल्या बाईला आणि पस्तिशीतल्या बाईला वीस वर्षांचा अर्थ सारखा नसतो.

आधाराच्या कामाचा इतिहास बघितला तर आजच्या दोषांचं मूळ सापडतं. १९५२ साली टेरेसी लॅसर या अमेरिकन बाईंचा स्तन काढावा लागला. दवाखान्यातून घरी जाताना पुढे कसं जगायचं हे त्यांना कुणीही सांगितलं नाही, म्हणून त्या स्वतःच इतर रुग्णांना भेटायला जाऊ लागल्या. बरोबर तात्पुरता कृत्रिम स्तन, हाताच्या व्यायामासाठी चेंडू आणि दोरी. सुरुवातीला डॉक्टरांना ही लुडबुड वाटली. १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हे काम आपल्या पंखाखाली घेतलं आणि ते जगभर पसरलं. पण त्याबरोबर एक शिस्तही आली: भेट डॉक्टरांच्या परवानगीने, आणि वैद्यकीय बाबींवर बोलायचं नाही. धीर द्या, चेंडू द्या, बाकीचं आम्ही बघतो. आधार वेगळा आणि उपचार वेगळा ही वाटणी तेव्हापासूनची. लॅसरबाईंच्या धडाडीबद्दल मला आदर आहे. ती वाटणी मात्र अर्धशतक उलटलं तरी मोडलेली नाही, आणि तिचा फटका तरुणींना सगळ्यांत जास्त बसतो.

१९९८ साली न्यूयॉर्कमध्ये पस्तिशीच्या आत निदान झालेल्या तीन स्त्रियांनी ‘यंग सर्व्हायव्हल कोअलिशन’ ही संघटना उभी केली, कारण आपल्यासारखी दुसरी कुणी त्यांना भेटतच नव्हती. तरुण रुग्णांवर संशोधन करा, आम्हाला चाचण्यांत घ्या, मुलांबद्दल बोला, अशा त्यांच्या मागण्या होत्या. पुढे डेबी वॉसरमन शुल्ट्झ या अमेरिकन लोकप्रतिनिधींना एकेचाळिसाव्या वर्षी हाच आजार झाला. त्यांनी २००९ साली तरुण स्त्रियांमध्ये या आजाराची जागृती करण्यासाठी विधेयक मांडलं आणि २०१० मध्ये ते आरोग्यसुधारणेच्या मोठ्या कायद्याचा भाग बनलं.

त्या विधेयकावरून झालेला वाद आजही वाचण्यासारखा आहे. विरोध करणाऱ्यांत कर्करोगतज्ज्ञ होते आणि रुग्णांच्या बाजूने लढणारे कार्यकर्तेही. त्यांचं म्हणणं, पंधरा-वीस वर्षांच्या निरोगी मुलींना स्तन चाचपायला शिकवून तुम्ही भीती पेराल, जीव वाचवणार नाही. त्यांच्या हातात भक्कम पुरावा होता. शांघायमध्ये २,६६,०६४ कामगार स्त्रियांवर केलेल्या चाचणीत निम्म्यांना स्वतःची तपासणी नीट शिकवली, पुन्हा पुन्हा आठवण करून दिली. २००२ साली निकाल आला: मृत्यूंत फरक नाही, निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. शेवटी कायद्यात निदान झालेल्या तरुणींच्या आधारासाठीही तरतूद राहिली आणि अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने पुढे अशा कामासाठी संस्थांना निधी दिला. या वादात मी टीकाकारांच्या बाजूला झुकतो, पण त्यांनी काढलेला निष्कर्ष मला अपुरा वाटतो. पैसा मर्यादित असेल तर निरोगी मुलींच्या जागृतीवर तो उधळू नका, हे कबूल. मग तो जिला निदान झालं आहे आणि येत्या महिन्याभरात जिला जन्मभराचे निर्णय घ्यायचे आहेत, तिच्या शिक्षणावर लावा. जागृतीचा फलक रंगवणं सोपं असतं आणि फोटोत छान दिसतं. एका घाबरलेल्या बाईसमोर दोन तास बसून अंडाशयाबद्दल बोलणं फोटोत येत नाही. निधी कुठे वाहतो ते यावरून समजतं.

मुलांचाच विषय घ्या. केमोतली काही औषधं, विशेषतः सायक्लोफॉस्फामाइड, अंडाशयातला बीजांडांचा साठा जाळतात. बीजांडं किंवा भ्रूण गोठवून ठेवायचे असतील तर ते केमोआधीच करावं लागतं आणि त्याला साधारण दोन आठवडे पुरतात. आता पाळीच्या तारखेसाठी थांबावं लागत नाही. हॉर्मोनची पातळी फार चढू नये म्हणून त्या काळात लेट्रोझोल हे औषध देता येतं. डॉक्टरांनी हा विषय स्वतःहून काढावा, असं अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ सालीच मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. तरीही चाळिशीपर्यंतच्या ६२० तरुणींच्या एका अभ्यासात (२०१४) निम्म्या जणींना वंध्यत्वाची काळजी होती आणि उपचारांआधी डॉक्टरांशी त्यावर बोलणं झालं होतं ते ६८ टक्क्यांचं. प्रत्यक्ष काही उपाय केला तो दहा टक्के जणींनी. ज्या जणींशी बोलणंच झालं नाही त्यांच्यापैकी कुणी चौथ्या केमोनंतर आधारगटात आली आणि तिथे तिला गोठवण्याबद्दल पहिल्यांदा ऐकायला मिळालं, तर याला वरातीमागून घोडं म्हणायचं नाही तर काय? कार्यक्रम चांगला, माहिती अचूक, बाईही लक्ष देऊन ऐकणारी. फक्त तारीख चुकलेली.

गोळीमुळे लांबणीवर पडणाऱ्या मातृत्वाचं आणखी एक गाऱ्हाणं होतं, आणि त्यावर आता चांगला पुरावा आहे. ‘पॉझिटिव्ह’ नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात बेचाळीस वर्षांपर्यंतच्या, दीड ते अडीच वर्षं हॉर्मोन रोखणारे उपचार घेतलेल्या स्त्रियांना मुलासाठी गोळी दोन वर्षांपर्यंत थांबवू दिली. २०२३ साली निकाल प्रसिद्ध झाले. ५१६ स्त्रियांमध्ये तीन वर्षांत रोग परतण्याचं प्रमाण ८.९ टक्के होतं. तुलनेसाठी घेतलेल्या, गोळी न थांबवलेल्यांमध्ये ९.२ टक्के. ज्यांच्या गरोदरपणाची नोंद ठेवली त्या ४९७ पैकी ३१७ जणींना मूल झालं. यात एक मेख आहे: पाठपुरावा अजून थोड्याच वर्षांचा आहे आणि हा आजार उशिरा परतण्यात पटाईत आहे. पण दुसऱ्या वर्षी गुपचूप गोळी सोडणाऱ्या मुलीला हे माहीत असतं, तर तिने ती गुपचूप सोडली नसती. डॉक्टरांशी बोलून, दिवस जाण्याआधी गोळी तीन महिने बंद ठेवून, पुन्हा कधी सुरू करायची हे ठरवून ती थांबली असती. सोडणं आणि ठरवून थांबणं यांत जो फरक आहे, तो माहितीने पडतो.

याच्या उलट अज्ञानही तितकंच महाग पडतं. पाळी बंद झाली म्हणजे दिवस जाणार नाहीत, अशी समजूत सर्रास आढळते. केमोनंतर पाळी येत नसली तरी बीजांड सुटू शकतं, आणि टॅमॉक्सिफेन चालू असताना गर्भ राहिला तर तो बाळाला धोकादायक आहे. संततिनियमनाच्या हॉर्मोनच्या गोळ्या यांना वर्ज्य, मग काय वापरायचं? कर्करोगतज्ज्ञांना वाटतं याचं उत्तर स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतील, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना वाटतं कर्करोगाच्या रुग्णाबद्दल आपण कशाला बोला.

आता विरोधकांचा सगळ्यांत वजनदार मुद्दा. आधारगटाने आयुष्य वाढतं का? १९८९ साली डेव्हिड स्पीगेल यांनी पसरलेल्या कर्करोगाच्या ८६ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर आठवड्याला गटात भेटणाऱ्या जणी सरासरी जवळजवळ दुप्पट जगल्या होत्या. जगभर खळबळ उडाली आणि मनाच्या ताकदीवर व्याख्यानं देणाऱ्यांची चांदी झाली. मग २००१ साली कॅनडातून २३५ स्त्रियांचा मोठा अभ्यास आला. गटातल्या आणि गटाबाहेरच्या सारख्याच जगल्या: १७.९ आणि १७.६ महिने. स्पीगेल यांनी स्वतः पुन्हा करून पाहिलं, तरी २००७ मध्ये पहिला निष्कर्ष काही उभा राहिला नाही.

काही संस्था हे अजूनही दडवतात, आणि त्यांच्यावर माझा राग आहे. ‘सकारात्मक राहा, जिंकाल’ असं सांगणारा कार्यक्रम आजार परतलेल्या बाईला अप्रत्यक्षपणे सांगत असतो की तूच कुठेतरी कमी पडलीस. तो आधार नव्हे, तो छळ आहे. पण त्याच कॅनडातल्या अभ्यासाची दुसरी बाजू लोक वाचत नाहीत: गटातल्या स्त्रियांना मानसिक त्रास कमी झाला आणि वेदनाही कमी जाणवल्या; ज्या आधीच जास्त खचलेल्या होत्या त्यांना जास्त फायदा झाला. वेदना कमी करणाऱ्या एखाद्या औषधाला आपण ‘आयुष्य वाढत नाही’ म्हणून नाकारतो का? आधाराकडे मात्र चमत्काराची मागणी करतो आणि चमत्कार दिसला नाही की पैसे काढून घेतो.

दुसरी चूक कागदाची. २००५ साली अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने मोठा अहवाल काढून म्हटलं की उपचार संपले की रुग्ण वाऱ्यावर सुटतो. त्याच्या हातात झालेल्या उपचारांचा सारांश आणि पुढच्या देखभालीचा आराखडा द्या. शिफारस शहाणपणाची होती. रुग्णालयांनी तिचं काय केलं? फॉर्म छापले, रकाने भरले, सही घेतली. कॅनडामध्ये ४०८ स्त्रियांवर याची रीतसर चाचणी झाली. अर्ध्या जणींना आराखडा आणि तो समजावणारी परिचारिकेची अर्ध्या तासाची एक बैठक दिली. वर्षभरानंतर या स्त्रियांच्या मानसिक त्रासात आणि बाकीच्यांच्या त्रासात काही फरक नव्हता, असं २०११ साली जाहीर झालं. एकदाच अर्धा तास आणि एक फाइल, याने पाच वर्षांचा प्रश्न सुटत नाही. कागदी घोडे नाचवून कुणाची रात्रीची झोप परत आलेली नाही.

काय केल्याने येते, तेही तपासलेलं आहे. गरम वाफा आणि रात्रीच्या घामाने हैराण झालेल्या ९६ स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या जणींना इंग्लंडमध्ये सहा आठवडे, दर आठवड्याला दीड तास, गटात बसवून विचार आणि वागणूक बदलण्याची पद्धत शिकवली: वाफ आली की काय विचार येतात, श्वास कसा घ्यायचा, झोपेची घडी कशी बसवायची. २०१२ च्या निकालानुसार त्यांना या वाफांचा जाच लक्षणीय कमी वाटू लागला. वाफा काही नाहीशा झाल्या नाहीत; त्यांचं ओझं हलकं झालं. आता हे पहिल्या परिच्छेदातल्या रक्ततपासणीशी जोडा. गोळी सुटण्याचं एक मोठं कारण या वाफा असतील आणि गटातल्या सहा बैठकींनी त्या सुसह्य होत असतील, तर ही बैठक समाजकार्य कशी? तसंच २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पन्नाशीच्या आत निदान झालेल्या आणि उदासीने ग्रासलेल्या २४७ स्त्रियांपैकी काहींना सजगतेचा सराव दिला, काहींना आजारानंतरच्या आयुष्याबद्दल नुसतं पद्धतशीर शिक्षण. उदासी दोन्हींनी कमी झाली. सजगतेचा परिणाम जास्त टिकला हे खरं, पण खरी माहिती नीट रचून, गटात, सहा आठवडे दिली तर तीही मनाला लागू पडते, हे मला फार मोलाचं वाटतं.

माहिती जुनी असेल तर ती अपायही करते. काखेतल्या लसिका ग्रंथी काढलेल्या बाईला वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की त्या हाताने जड उचलू नकोस, हात सुजेल. साठीच्या बाईने ते पाळलं, पिशवी दुसऱ्या हातात घेतली. पण दीड वर्षाचं मूल समोर हात वर करून उभं असतं तेव्हा? आई त्याला एका हाताने, कुशीवर वाकडी होत, कशीबशी ओढून घेते. नाहीतर खाली बसते आणि त्यालाच मांडीवर चढायला लावते. मूल रडतं, घरातलं कुणी धावत येऊन उचलून नेतं, आणि आई आपण निरुपयोगी झालो असं मनात धरून बसते. २००९ साली १४१ स्त्रियांची चाचणी प्रसिद्ध झाली. सगळ्यांच्या हाताला आधीच सूज होती. निम्म्या जणींनी वर्षभर, आठवड्यातून दोनदा, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सुरुवात करून हळूहळू वजन वाढवत व्यायाम केला. सूज वाढली नाही. सूज भडकण्याचे प्रसंग उलट निम्म्यावर आले. तरीही ‘जड उचलू नका’ हा सल्ला अजून पत्रकांत छापलेला सापडतो, कारण पत्रक एकदा छापलं की ते बदलण्याची जबाबदारी कुणाचीच नसते.

गोळ्यांचंही तसंच. उदासीवर किंवा वाफांवर दिली जाणारी काही औषधं, उदाहरणार्थ पॅरॉक्सेटीन, टॅमॉक्सिफेनचं शरीरात परिणामकारक रूपात रूपांतर करणाऱ्या एन्झाइमला अडवतात. म्हणून टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांना ती शक्यतो देऊ नयेत असं सांगितलं जातं. व्हेन्लाफॅक्सीनसारखे पर्याय आहेत. मैत्रिणीला लागू पडलेली गोळी आपणही घेऊन पाहावी असं वाटणाऱ्या बाईला हे सांगायचं कुणी? कुटुंबाच्या डॉक्टरांना हे ठाऊक असेलच असं नाही. शरीरसंबंधांबद्दल तर खोलीतलं कुणीच तोंड उघडत नाही: डॉक्टरांना वाटतं तिला लाज वाटेल, तिला वाटतं डॉक्टरांना हे क्षुल्लक वाटेल. हॉर्मोन नसलेली वंगणं आणि मॉइश्चरायझर असतात, ती कशी वापरायची हे पाच मिनिटांत सांगता येतं. ती पाच मिनिटं वर्षानुवर्षं मिळत नाहीत.

म्हणून इथे दोन प्रकारची माणसं लागतात, आणि एकाने दुसऱ्याची जागा घेता कामा नये. एक प्रशिक्षित परिचारिका किंवा समुपदेशक, जिचं नाव आणि फोन रुग्णाला पहिल्या दिवशी मिळतो, आणि जी तिसऱ्या महिन्यात, बाराव्या महिन्यात, दुसऱ्या वर्षी स्वतः फोन करून विचारते, “गोळीचा त्रास कोणता होतोय?” प्रश्नाची ही मांडणी महत्त्वाची आहे. ‘घेता ना?’ला ‘हो’ हेच उत्तर येतं. ‘काय त्रास होतो?’ला खरं उत्तर यायची शक्यता असते. दुसरी, त्याच वयात त्याच वाटेने गेलेली बाई. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. मुलाखतीत काय सांगितलं, पोहायला जाताना काय घातलं, नव्या माणसापुढे पहिल्यांदा कपडे काढताना काय झालं, हे परिचारिका सांगू शकत नाही. पण अशा बाईवर फुकटात सगळा भार टाकणं हाही अन्याय आहे. ती स्वतः घाबरलेली असते, तिच्याही तपासण्या चालू असतात, आणि आपण जिला धीर दिला तिचा आजार परतल्याची बातमी तिला फोनवर कळते. तिला प्रशिक्षण हवं, मानधन हवं आणि थांबायचं असेल तेव्हा अपराधी न वाटता थांबता यायला हवं.

इंटरनेटवरचे गट आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. रात्री अडीच वाजता भीतीने जाग आली की तिथे कुणीतरी जागं असतं. लहान गावातल्या एकट्या मुलीला तिच्या वयाची दुसरी तिथेच भेटते. पण त्याच गटात कुणी अमुक पूड खाऊन गोळी सोडल्याचं अभिमानाने लिहितं आणि खाली शंभर जणी हात जोडतात. तिथे शहाणी, माहितगार, पगारी व्यक्ती हजर असेल तर तो कार्यक्रम. नसेल तर ती गर्दी.

औषधांना पैसे पुरत नाहीत तिथे या बैठकींना कुठून आणायचे, हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण न घेतलेल्या औषधावर झालेला खर्च हा सगळ्यांत वाईट खर्च असतो. निदान, ऑपरेशन, केमो, रेडिएशन यांवर एवढं ओतायचं आणि शेवटची पाच-दहा वर्षं बाईच्या एकटीच्या चिकाटीवर सोडायची, हे काटकसरीचं लक्षण नव्हे. फोन करणाऱ्या एका परिचारिकेचा पगार आणि पसरलेल्या कर्करोगाचे उपचार यांची तुलना कुठल्याही हिशेबनीसाला समजेल.

मोजायचं काय, हेही बदलायला हवं. आज अहवालात किती कार्यक्रम झाले आणि किती जणी आल्या हे छापतात. त्याऐवजी केमोआधी मुलांबद्दल किती जणींशी बोलणं झालं, दुसऱ्या वर्षाअखेर किती जणी गोळी घेत होत्या, किती जणी त्यांना हव्या त्या कामावर परतल्या, हे छापावं. बैठक मंगळवारी सकाळी अकराला ठेवून नोकरी करणाऱ्या तरुण आया आल्या नाहीत म्हणून ‘प्रतिसाद कमी’ असा शेरा मारणं बंद व्हावं. वेळ संध्याकाळची असावी, मुलांना सांभाळायला शेजारच्या खोलीत कुणीतरी असावं, येऊ न शकणारीला फोनवरून सामील होता यावं.

आणि एक अडचणीची गोष्ट, जी कार्यक्रम चालवणारे टाळतात. गटातल्या एखादीचा आजार परततो, हाडांत किंवा यकृतात. बाकीच्या घाबरतात, चालवणारी गोंधळते, आणि ती बाई आपल्यामुळे इतरांना त्रास नको म्हणून यायची थांबते. ज्या वेळी तिला गट सगळ्यांत जास्त हवा, त्याच वेळी ती बाहेर पडते. सगळ्यांना एकाच खोलीत बसवणं हा उपाय नेहमी बरोबर ठरत नाही. पसरलेल्या आजाराच्या तरुण स्त्रियांची स्वतःची बैठक वेगळी असली तर त्या मोकळेपणी बोलतात. आजार परत येण्याच्या भीतीवर मानसोपचाराची एक पद्धत ऑस्ट्रेलियात २२२ रुग्णांवर तपासलेली आहे, भीती कमी होते असं २०१७ साली दिसलंय; गट चालवणाऱ्यांना ती शिकवता येईल. पण या सगळ्याची तयारी आधी हवी: आजार परतला तर त्या बाईला त्या आठवड्यात फोन कोण करणार, तिला कुठल्या बैठकीत बोलावणार, गटाला काय सांगणार आणि ते सांगायचं की नाही हे तिच्याकडून कोण विचारून घेणार. निधी मागायला येणाऱ्या प्रत्येक संस्थेकडून हे चार मुद्दे अर्जातच लिहून घ्यावेत, आणि ज्या अर्जात ती जागा कोरी असेल तो परत पाठवावा.